परतीच्या पिशव्या

मी आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली एक खोका ठेवला. ही माझी चूक. हेतू चांगला होता, पण तेवढंही बायको मान्य करत नाही.

खोका पिशव्यांसाठी होता आणि पिशव्या रणदिवेकाकांच्या. काका आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहतात. कोथरूडमधली आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही. काकू गेल्यापासून काका एकटेच. काकूंचं शिलाई मशीन ते शिकले आणि इमारतभरच्या जुन्या पँटींच्या पिशव्या शिवू लागले.

प्लॅस्टिकचा त्यांना मनापासून राग. फाटकाशी कुणाच्या हातात भाजीची पारदर्शक पिशवी दिसली, की काका तिच्याकडे बघून शांतपणे म्हणणार, "तोंडली जून आहेत." दुसऱ्या दिवशी त्या घरी कापडी पिशवी पोचते. बदल्यात त्या घरातली एक जुनी पँट वर जाते.

पँटीची पिशवी करताना मागचा खिसा काका तसाच ठेवतात. "सुटे कुठे ठेवाल?" हा त्यांचा सवाल. त्यामुळे पिशवी पाहून पँट ओळखू येते. माझ्या लग्नातल्या तपकिरी पँटीतून समोरच्या वहिनी मेथी आणतात, तेव्हा मी मान खाली घालून जिना चढतो.

पिशव्या काका विकत नाहीत, कायमच्या देतही नाहीत. फक्त वापरायला देतात. परतीचे नियम मात्र कडक. दारावर पाटीच आहे: 'पिशवी बेल वाजवून हातात द्यावी. कडीला अडकवून पळू नये.' शिवाय ती रिकामी द्यायची नाही. शेजारची वाटी आपण रिकामी पाठवत नाही, मग पिशवीनेच काय घोडं मारलंय, असं त्यांचं म्हणणं. एक मिरचीही चालते. मिरची घेऊन काका शिवण तपासतात, तुम्हाला बसवतात, चहा टाकतात आणि मिरची कुठून आणली इथपासून सुरू करतात. संध्याकाळ गेलीच म्हणून समजा.

मला एकच मजला चढायचा असे. त्याचाही कंटाळा. म्हणून जिन्याखाली खोका ठेवला आणि सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, काकांना उगाच त्रास नको, पिशव्या यात टाका. अंगठेच अंगठे उमटले. रविवारी मी सगळा गठ्ठा काकांच्या कडीला अडकवायचो आणि पाटीकडे न बघता खाली पळायचो.

मला दुपारची झोप फार छान लागू लागली. का लागतेय, याचा मी विचार केला नाही. तो बायकोने केला. वरचं मशीन किती दिवसांत वाजलं नाही, असं म्हणाली आणि खोक्यात आलेल्या माझ्या तपकिरी पिशवीत दोन लिंबं घालून तिने मला वर पिटाळलं.

मी बेल वाजवली. दार लगेच उघडलं. इतकं लगेच, की काका दाराशीच असावेत.

मशीनवर चादर होती. माझे रविवारचे गठ्ठे कॉटवर होते. एकूण एक पिशवी उलटी केलेली. उलट्या का, असं मी विचारलं.

"आत कुणी काही ठेवलंय का बघितलं," काका म्हणाले. "सोय चांगली केलीत तुम्ही. कुणाला वर यायला नको."

खोका आजच काढतो, असं मी पुटपुटलो.

"राहू द्या. खोका मजबूत आहे. रद्दीला होईल."

त्यांनी लिंबांचा वास घेतला, चहा टाकला. दुसरा कप फडताळाच्या मागून काढावा लागला. त्यावर धूळ बसली होती. काकांनी तो विसळला, उजेडात धरून पाहिला, पुन्हा विसळला. मग समोर बसून लिंबं कुठून आणलीत, असं विचारलं. मला ते माहीत नव्हतं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "काका, मी तसा येतच असतो की तुमच्याकडे."

काकांनी तपकिरी पिशवी मांडीवर घेतली, मागच्या खिशाची शिवण अंगठ्याने दाबून पाहिली.

"तुमच्यापेक्षा तुमची पँट जास्त वेळा आलीय."