हात लावू काय?

गजभिये सिस्टर कोणत्याही वस्तूस, प्राण्यास अथवा मनुष्यास विचारल्यावाचून हात लावीत नाहीत. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करीत आहे. अड्याळच्या बाजारात वांगी घेतानाही ढिगावर हात अधांतरी धरून त्या विचारतात, “हात लावू काय, बाई?” विक्रेती एकदा वैतागून म्हणाली, “लावा ना, मावशी! वांगे हायेत, पोटुश्या बाया नोहेत!” तरीदेखील त्यांनी “हो” ऐकल्यावरच वांगे उचलले.

सिस्टर आमच्या भागातील उपकेंद्रावर नर्स आहेत. गरोदर बायांची तपासणी आणि बाळंतपणे करण्यात त्यांची हयात गेली. क्वार्टरमध्ये एकट्याच राहतात. मी तहसील कचेरीच्या फाटकाजवळ, निंबाखाली, अर्ज लिहितो. लोक मला ‘वकीलसाहेब’ म्हणतात. मी वकील नाही. परंतु लोकांचे मन मोडणे माझ्या स्वभावात नाही. शिक्षण नववीपर्यंतच झाले असले, तरी अनेक पदवीधरांचे अर्ज याच लेखणीने सुधारलेले आहेत.

एकदा सिस्टरांना माझी टाचणी हवी होती. मी एका फेरफाराच्या अर्जात निमग्न असल्याने उत्तर दिले नाही. बाई टाचणीकडे पाहत तशाच उभ्या. शेवटी मी म्हणालो, “सिस्टर, मी हरकत घेतली नाही, याचा अर्थ संमती होती.”

“चूप राहनं म्हंजे हो नोहे, वकीलसाहेब,” त्या म्हणाल्या. हे त्यांचे पेटंट वाक्य. सरपंचालाही त्यांनी ते ऐकविले आहे.

बाळंत होऊन गेलेली एखादी पोर रस्त्यात भेटते, वाकून पाया पडू लागते, तेव्हा सिस्टर विंचू दिसल्यासारख्या मागे उडी मारतात. “विचारलं काय?” पोर गोंधळून म्हणते, “पाया पडू काय?” “नोको!” सिस्टर म्हणतात आणि चालू लागतात.

मागील भातरोवणीच्या दिवसांत त्या कोंढा गावच्या प्रणालीला घेऊन माझ्याकडे आल्या. तिला आठवा महिना होता. सोबत तिचा नवरा रोशन. प्रकरण असे की, पोरीने दवाखान्यात जाण्यास साफ नकार दिला होता.

“पहिल्या खेपेले चार जनींनी धरून ठेवलं,” प्रणाली खाली पाहत म्हणाली. “काय करून राहिल्या, कोनी सांगितलं नाही. यंदा मी घरीच राहीन.”

मला वाटले, सिस्टर आता रागे भरतील. त्या मात्र माझ्या बाकावर (विचारून) बसल्या आणि म्हणाल्या, “मी जा म्हनत नाही, राहा म्हनत नाही. मागच्या खेपेले तुहं रक्त खूप गेलं होतं. घरी तसं झालं तं माह्या थैलीत त्याचा इलाज नाही. जीवावर बेतन. हे सांगनं माहं काम. ठरवनं तुहं.”

सिस्टरांनी उत्तराची घाई केली नाही. मग प्रणाली म्हणाली, “हात लावाच्या आधी विचारत असन तं जाईन. कळा येतानी मले बसू द्यावं. अन् माही ताई जवळ पाहिजे.”

“लिवा, वकीलसाहेब.”

मी कागद ओढला आणि माझ्या वळणदार अक्षरात आरंभ केला : अर्जदार, रोशन. विषय, पत्नीच्या बाळंतपणाबाबत.

“कळा कोनाले येनार हायेत?” सिस्टरांनी विचारले.

मी प्रणालीकडे बोट दाखविले.

“मंग अर्जदार कोन?”

“परंतु प्रघात असा आहे की...”

“बराबर हाये त्यायचं,” रोशन मध्येच म्हणाला. “मले तं सुई पाहूनच चक्कर येते.”

आयुष्यात प्रथमच मी स्वतःचा कागद स्वतः फाडला. दुसऱ्या अर्जात तिन्ही मागण्या प्रणालीच्या शब्दांत लिहिल्या. ‘कृपावंत होऊन’ एवढे मी शेवटी घातले. सिस्टर म्हणाल्या, “राहू द्या. तुमची हौस हाये.” प्रणालीने सही केली आणि अर्ज सिस्टरांनी स्वतः दवाखान्यातील डॉक्टरबाईंच्या हाती नेऊन दिला.

दोन महिन्यांनी तिघे पेढे घेऊन माझ्या टेबलाशी आले. तिसरी म्हणजे नवजात कन्या. योगायोगाने सिस्टर तेथेच होत्या. त्यांनी बाळाला विचारले, “हात लावू काय, बेटा?” बाळ शिंकले. सिस्टरांनी ते ग्राह्य धरले नाही. आईने मान हलविल्यावरच बोट पुढे केले.

प्रणाली सांगत होती, डॉक्टरबाईंनी अर्ज केसपेपरला जोडून ठेवला होता. प्रत्येक वेळी विचारले. बसू दिले. ताई उशाशी होती. रक्त याही खेपेस गेले, पण तेथे इलाज होता.

“अन् ह्या बाई,” रोशन म्हणाला, “सकाळपासून बाहेर वऱ्हांड्यात बसून होत्या. सुट्टी टाकून! मी म्हटलं, अंदर जा ना. गेल्याच नाही.”

“काहून, बाई?” प्रणालीने विचारले. तिला हे ठाऊक नव्हते.

“अर्जात माहं नाव नोहोतं,” सिस्टर म्हणाल्या, आणि माझी टाचण्यांची डबी न विचारता उचलून उगीच सरळ करू लागल्या.

प्रणालीने बाळ रोशनकडे दिले. ती सिस्टरांसमोर येऊन उभी राहिली. वाकली नाही. दोन्ही हात मात्र अधांतरी धरले, वांग्यांच्या ढिगावर सिस्टर धरतात तसे.

“बाई, हात लावू काय?”

सिस्टर काही बोलल्या नाहीत. “हरकत नाही, लाव,” असे त्यांच्या वतीने सांगण्यास मी तोंड उघडले होते, ते मिटले. प्रणाली तशीच उभी राहिली. चूप राहणे म्हणजे काय नव्हे, हे तिला शिकविणारी बाईच समोर होती.

कचेरीची मधली सुट्टी संपली, शिपायाने फाटक उघडले, दोन पक्षकार माझ्या टेबलापाशी येऊन थांबले. मी त्यांना हाताने थोपविले.

मग सिस्टर, मलाही जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू, म्हणाल्या,

“लाव.”