लाल गोटे आणि अकरा स्ट्रॉबेऱ्या

कुंड्या वाचवायला रविवारपर्यंतची मुदत मिळाली, तेव्हा कवळीवाल्यांनी स्वतः लावलेली एकही स्ट्रॉबेरी चाखली नव्हती. चौथ्या मजल्यावरच्या त्यांच्या बाल्कनीत आठ कुंड्या होत्या आणि त्यांच्यापायी कपडे वाळत घालायची दोरी गेली होती. बायकोने चार महिने ओल्या चादरी दारांवर, खुर्च्यांवर आणि एकदा तर शिलाई मशीनवर वाळवल्या. शेवटी ती म्हणाली, "अहो, या घरातल्या एका माणसाच्या तोंडात तुमची एक तरी पिकली स्ट्रॉबेरी रविवारपर्यंत जाऊ दे. नाहीतर कुंड्या खाली आणि दोरी वर."

तिचं काही चुकत नव्हतं. फळं धरायची, टपोरी व्हायची, लाल व्हायची आणि सकाळी जागेवर नुसता देठ उरायचा. जाळी लावून झाली, चकाकत्या पट्ट्या बांधून झाल्या, तरी पहिले पाढे पंचावन्न. बरं, हा माणूस वेंधळाही नव्हता. दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवण्यात त्यांची हयात गेली होती. ज्या हातांनी निम्म्या गावाच्या तोंडात दात बसवले, त्या हातांना एक फळ राखता येऊ नये, हे त्यांना फार लागलं होतं.

राखणीला सासूबाई होत्या. त्या लेकीकडेच राहायच्या आणि घरात सगळ्यांत आधी उठायच्या. त्यांचं मत पहिल्या दिवसापासून ठाम होतं: पाखरं. थव्याने येतात, हाकलली तरी जात नाहीत. वर त्या जावयाची समजूतही घालायच्या, की बिचाऱ्या पाखरांना तरी कोण देतं.

शनिवारी एकच फळ पिकायला आलं होतं. कवळीवाल्यांनी कुठेतरी वाचलं होतं, की लाल रंगवलेले गोटे कुंडीत ठेवले की पाखरं चोच मारून बघतात, चोच दुखावते आणि मग ती खऱ्या फळाकडेही फिरकत नाहीत. संध्याकाळी मायलेकी फिरायला गेल्यावर ते कामाला लागले. कवळीच्या हिरड्यांना वापरतात त्या मसाल्यात त्यांनी जास्तीचा लाल रंग कालवला, तीन गोट्यांवर थर दिला, बारीक पिवळे ठिपके काढले आणि वर हिरवे देठ बसवले. गोटे इतके झकास झाले, की पानांत लपवल्यावर त्यांनाच खरं फळ शोधावं लागलं. हसं नको म्हणून घरात ते कुणालाच काही बोलले नाहीत.

रविवारी सकाळी खऱ्या फळाच्या जागी देठ होता. बायको दोरी घेऊन उभीच होती. तेवढ्यात सासूबाई तोंडावर पदर धरून आल्या आणि त्यांनी आपल्या कवळीचे दोन तुकडे जावयापुढे ठेवले. धुताना बेसिनमध्ये पडली, असं त्यांचं म्हणणं पडलं.

कवळीवाल्यांनी तुकडे दिव्याखाली धरले. पुढच्या दोन दातांच्या फटीत लाल कण होता. तो रंग जगात एकाच माणसाने कालवला होता. ते बाल्कनीत गेले. एक गोटा खाली पडला होता आणि त्याचा टवका उडाला होता. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. आधी त्यांना संताप आला, आणि मग त्या संतापातून भलतीच उत्सुकता वर आली.

"आई, गोड होत्या का?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी तुकड्यांकडे बोट दाखवलं. "आधी कवळी जोडा."

"आधी सांगा."

"पहिल्या दोन आंबट होत्या. मग सुधारल्या. आजची तर साखरच."

"एकूण किती?"

"अकरा," सासूबाई म्हणाल्या. "बारावी दगड निघाली."

कवळीवाल्यांचा ऊर भरून आला. अकरा! आणि पाखराच्या नव्हे, घरातल्या माणसाच्या तोंडात. त्यांनी बायकोकडे असं पाहिलं, की तिने मुकाट्याने दोरी गुंडाळली. तिचा सगळा राग मग आईवर निघाला. "आई, या वयात चोरी?"

"चोरी कसली? चौथ्या मजल्यावर मधमाशी बघितलीस कधी? रोज सकाळी एकेका फुलावरून माझा कवळीचा ब्रश फिरवते मी, तेव्हा कुठे फळं धरतात. जावईबापू नुसतं पाणी घालतात. तेही जास्त."

कवळीवाले तर मुदतीच्या आत जिंकले होते, आणि जिंकलेल्या माणसाला उदार व्हायला वेळ लागत नाही. दुपारपर्यंत त्यांनी कवळी जोडली, पुढचे दात जरा दणकट बसवले आणि सोबत मऊ केसांचा नवा ब्रश दिला. सासूबाईंनी दोन्ही वस्तू निरखून ठेवून घेतल्या आणि बुधवारी दोन फळं पिकतील, असं सांगितलं.

बुधवारी दोनच स्ट्रॉबेऱ्या पिकल्या. एक सासूबाईंनी हक्काने घेतली, दुसरी जावयाच्या हातावर ठेवली. कवळीवाल्यांनी ती बायकोबरोबर अर्धी अर्धी वाटून खाल्ली. खरोखर साखर होती. त्यांना इतका आनंद झाला, की डोळे पुसावे लागले.

घास संपल्यावर बायकोने बाल्कनीचा कोपरान् कोपरा नजरेने मोजला.

"तिकडच्या भिंतीला अजून चार कुंड्या बसतील," ती म्हणाली. "चादरींचं बघू काहीतरी."