सानगडीत मोडलेली स्पॅनिश काडी

माझ्याइतका सावध सेन्सॉर मुंबईतही नसेल! हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. शहात्तर साली सानगडीत मी एकट्यानं, एका पुठ्ठ्याच्या जोरावर, अख्खा स्पॅनिश सिनेमा सोवळा करून दाखवला. निदान योजना तरी तशी होती.

तेव्हा मी तिथल्या शाळेत चित्रकला शिकवायचो आणि हौसेनं फिल्म सोसायटी चालवायचो. सभासद बावीस. त्यातले अकरा हॉलमध्ये पंखा होता म्हणून झालेले! हॉल पंचायतीचा. सरपंच केशवरावांनी बजावलं होतं, "मास्तर, वंगाळ काही दिसलं ना, तं हॉलले कुलूप. कायमचं!" हॉल गेला की सोसायटी गेली. गावात दुसरी जागाच नव्हती.

नागपूरहून रिळांचे डबे आले. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं : संसाराला विटलेल्या बाईची गोष्ट. तिच्या देशात घटस्फोटाचा कायदाच नाही आणि सिनेमात त्याचं नाव काढायलाही बंदी! आता नाव न काढता ती गोष्ट सांगायची कशी? मला भारी कुतूहल. पण त्याहून भारी भीती चुंबनांची.

म्हणून पुठ्ठा. रविवारी दुपारी खिडक्यांना पोती ठोकली, प्रोजेक्टर सुरू केला आणि शेजारी मी यमदूतासारखा उभा. पडद्याखाली इंग्रजी अक्षरं येत, ती वाचून मी मोठ्यानं मराठीत सांगत होतो. पडद्यावर त्या बाईच्या शेजारी राहणारा गवंडी तिच्याकडे वीतभर सरकला, की भिंगापुढे पुठ्ठा! अंधार!

"काहून झाकलं जी?" पंख्याखाली बसलेला सभासद केवळराम ओरडला.

"भिंग तापलं!"

"ते दोघं जवळ आल्यावरच कसं तापते?"

तीनदा झाकलं. सरपंच खूश. मी तर स्वतःवरच लट्टू!

मग एक साधंसुधं दृश्य आलं. बाई चुलीपुढे, नवरा खुर्चीत. कोणीच काही बोलेना. बाईनं एक वाळकी काडी उचलली, नवऱ्याकडे टक लावून पाहिलं आणि काडी मोडली. कट्‌कन!

बायकांच्या बाजूनं एकच आरोळी उठली. बेबीबाई तर उभीच राहिली. "मोडली वं माय! काडी मोडली! सुटली बिचारी!"

आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असेलच. पंचांसमोर काडी मोडली की नवरा-बायको मोकळे. मग बाईनं खुशाल पाट लावावा, दुसरा संसार थाटावा. तिकडच्या सेन्सॉरला वाटलं असेल, बाई चूल पेटवते आहे! सानगडीच्या बायकांना मात्र एका सेकंदात कळलं. आणि शपथेवर सांगतो, दिग्दर्शकालाही तेच म्हणायचं असणार! टाळ्या अशा पडल्या की भंडाऱ्याच्या एसटी स्टँडवर म्हणे कबुतरं उडाली.

लगेच गवंडी आला. मी लगेच झाकलं. पुठ्ठा काढून पाहतो तर बाई पुन्हा घरी, त्याच नवऱ्याला रस्सा वाढते आहे!

टाळ्या जागच्या जागी थिजल्या.

"हे काय होय?" बायकांतल्या मालनबाईनं पदर तोंडाला लावला. "काडी मोडून त्याच्याच घरी राहून राहिली?"

तेवढ्यात नवऱ्यानं बूट काढले आणि तो पलंगावर बसला. केशवराव ताडकन उठले. "परक्या माणसाचा पलंग! बायामाणसायसमोर! बंद करा!"

"अहो, तो तिचा नवरा आहे!"

"होता!" अख्खा हॉल ओरडला.

घ्या! जीव तोडून चुंबनं झाकली आणि हॉल बुडत होता वाटीभर रश्शात! केशवरावांनी खिशातून कुलूप काढलं. तेव्हा माझी अक्कल जोरात धावली. नेहमीप्रमाणे नको तिकडे.

"थांबा! त्यांनी पुन्हा पाट लावला! एकमेकांशीच!"

"कवा?"

"आत्ता... मी झाकलं होतं ना, तेव्हा."

मग बेबीबाई अगदी हळू म्हणाली, "पाट लागला, आन् तुम्ही झाकला? शुभकार्य झाकता, मास्तर? लाज नाही वाटत?"

"दाखवा!" "फिरवा ते रीळ उलटं!" चहूबाजूंनी गलका. कुलूप हातात तोलत सरपंचांनी मान हलवली.

मी रीळ उलटं फिरवलं आणि पुन्हा सुरू केलं. गवंडी आला. बाई पुढे झाली. तोंडाजवळ तोंड गेलं. मी डोळे मिटून घेतले. उघडले, तर पडद्यावर चर्चची घंटा! मधलं काहीच नाही. त्यांच्या सरकारनंच ते आधी कापून टाकलं होतं! म्हणजे दुपारभर मी जिवाच्या आकांतानं झाकत होतो ती घंटा!

"गवंड्याचं जाऊ द्या, पाट कुठी हाये?" केशवरावांनी विचारलं.

"कापला, सरपंचजी. तिकडच्या सरकारनं."

"लगन कापलं?" त्यांनी कुलूप खिशात कोंबलं. "हद्द झाली! पंचायतीत ठराव मांडतो. त्या सरकारच्या निषेधाचा!"

हॉल वाचला. बेबीबाईनं एकच अट घातली : यापुढे पुठ्ठा तिच्या हाती. पुढच्या सिनेमाला ती प्रोजेक्टरला खेटून बसली. भिंग तिनं एकदाही झाकलं नाही. मी अर्थ सांगायला तोंड उघडलं, की तेवढं झाकायची.