दामूभाऊंचा मोथा

दामूभाऊंच्या घरी जेवलेल्या माणसाला मोरीवर हात धुण्याची परवानगी नव्हती. अंगणात फुटक्या घागरी मांडलेल्या असत. त्यांतल्या मोथ्यावर हात धुवायचे, चूळही तिथेच भरायची. रिसोडला बदलून आलो तेव्हा मीही निमूटपणे भरली.

मोथा हे तण. ते उपटण्यात आमच्याकडच्या बायांचा जन्म जातो. पोस्टातून निवृत्त झालेल्या दामूभाऊंनी त्याची बाग केली होती. पुढे बुटका मोथा, मागे नाल्यावरचा उंच लव्हाळा. आल्यागेल्याच्या हातात ते एक दांडी देत. "बोटात फिरवून पाहा. तिधारी हाये. गवताची गोल असते. याले गवत म्हनू नोका." न फिरवता कोणाला चहा मिळाला नाही.

दुष्काळाच्या उन्हाळ्यात माझा गुलाब मेला. दामूभाऊ मुद्दाम सांत्वनाला आले आणि जाताना मोथ्याच्या मुळाची एक गाठ लावायला ठेवून गेले.

वैशाखात त्यांच्याकडे व्याही यायचे होते. निंदणाला जाणाऱ्या गंगाबाईला अंगण साफ करायला सांगून ते बाजारात गेले. गंगाबाईने जन्मभर जे केले तेच केले. दामूभाऊ परत आले तेव्हा घागरी मोकळ्या होत्या.

मी गंमत बघायला कुंपणाशी गेलो. दामूभाऊ तिला म्हणाले, काम चोख झालं, आणि चहा पाजून त्यांनी तिला वाटेला लावले. मग घरात जाऊन खिडकीचा पडदा ओढला. त्या खिडकीशी त्यांची बायको, काशीवहिनी, दोन वर्षे लकव्याने पडून होत्या. खाटेवरून त्यांना तेवढेच अंगण दिसे.

ढिगातून गाठी वेचत ते मला म्हणाले, "आठ दिवसांत फुटते, मास्तर. तवर ऊन लागते म्हनून सांगतो तिले. तुमी बोलू नोका. तिले पाहाले दुसरं काय हाये?"

चौथ्या दिवशी ते पाण्याच्या रांगेत असताना मी वहिनींपाशी बसलो.

"गंगा निंदून गेली, मालूम हाये मले," त्या म्हणाल्या. "खुरप्याचा आवाज वळखते मी. बापाच्या वावरात मोथा उपटू उपटू बोटं सोलली माही. मले तर तो पाहूसाच नाही वाटत."

मग मोथा आवडत नाही हे इतकी वर्षे त्यांना बोलल्या का नाहीत, मी विचारले.

"घागरीत पानी टाकाले हे खिडकीपाशी येतात. बोलत राह्यतात. पडदा लावल्यापासून इकडे येऊनच नाही राह्यले. सांगू नोका त्यायले."

आता दोघेही नाहीत, म्हणून लिहितो. तेव्हा मी कोणालाच काही सांगितले नाही.

नवव्या दिवशी पडदा सरला. एका घागरीत बोटभर हिरवे टोक आले होते. दामूभाऊंनी बाहेरून हळूच विचारले, "दिसते का वं?"

"दिसते," वहिनी म्हणाल्या. "लय गोड दिसते."