एकशे एकवीस अंशांवर सासूबाई

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी कारकून आहे. म्हणजे पाणी तपासतात आमच्या मॅडम, आणि 'जंतू आढळले' किंवा 'जंतू आढळले नाहीत' यांपैकी एक वाक्य टाइप करतो मी. वर्षानुवर्षं ही दोनच वाक्यं बडवल्यामुळे जंतू या विषयात आपला हात धरणारा कोणी नाही, असा माझा समज झाला होता. (मॅडमचंही तेच मत असावं, असं मी धरून चालत होतो. विचारलं मात्र कधी नव्हतं.)

मागच्या महिन्यात माझं पोट बिघडलं. बाहेर काही खाल्लंत का, असं बायकोनं विचारलं. मी साफ नाही म्हणालो. (खाल्लं होतं. कोपऱ्यावरच्या गाडीवर, उभ्यानं.) एकदा नाही म्हटल्यावर दोष कुठेतरी ढकलणं आलं, तो मी आमच्या स्वयंपाकघरावर ढकलला. आणि बोललो ते निभवायचं म्हणून घरातले डबे, बरण्या, झाकणं सगळं एकदा ऑफिसच्या ऑटोक्लेव्हमधून काढायचं ठरवलं. ऑटोक्लेव्ह म्हणजे माणूस बसेल एवढा कुकर. आत एकशे एकवीस अंशांची वाफ कोंडतात. त्यातून काहीही जिवंत बाहेर येत नाही.

शनिवारी बायको तिच्या भावाकडे गेली होती. मी दोन पिशव्या भरल्या आणि जाता जाता फ्रिज उघडला. मागच्या कोपऱ्यात विरजणाची छोटी काचेची बरणी होती.

या बरणीला आमच्या घरात माझ्यापेक्षा मान होता. लग्नात बायकोला तिच्या आईनं हे विरजण दिलं होतं, आणि सासूबाईंना त्यांच्या आईनं. रोज दही लागलं की त्यातलं चमचाभर पुन्हा बरणीत जायचं. आम्ही परगावी निघालो की बरणी शेजारी सांभाळायला द्यायची आणि वर दहा सूचना. मी एकटा मागे राहिलो तेव्हा माझ्याबद्दल कोणाला एकही सूचना दिल्याचं आठवत नाही. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. तेव्हापासून बायको दही लावताना दुधात बोट बुडवायची आणि जरा वेळ तशीच उभी राहायची. दूध जास्त तापलं असेल, असं मला वाटायचं.

बरणी हातात घेऊन मी विचार केला. (तुम्ही विचार तरी केलात का, असं पुढे मला बऱ्याच जणांनी विचारलं. केला होता.) इतक्या पिढ्यांचं दही, म्हणजे केवढे जंतू साठले असतील. एकदा निर्जंतुक करून ठेवलं की पुढच्या पिढ्यांना काळजी नको. बायको खूश होईल. बरणी पिशवीत गेली.

संध्याकाळी मी बायकोला एकेक डबा दाखवला आणि सगळ्यांत शेवटी बरणी पुढे केली, बक्षीस द्यावं तशी. आत पिवळसर पाणी होतं आणि तळाशी रबरासारखी एक गोळी.

"हे काय आहे?"

"तुझं विरजण. आता त्यात एकही जंतू नाही."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती स्टुलावर बसली.

"अहो, दही म्हणजेच जंतू," ती म्हणाली. आणि मग, बरणीकडे बघत, "आईचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं माझ्याकडे."

त्यानंतर घरात जे दिवस गेले ते वैऱ्यावरही येऊ नयेत. तिनं ती गोळी दुधात घालून पाहिली. दुसऱ्या दिवशी दुधाचं दूधच होतं, तिसऱ्या दिवशी ते नासलं. मेहुण्याला फोन केला, तर त्यांच्याकडे कधीपासून दुकानातलंच दही येत होतं. शेजारच्या काकूंनी बरणी वेळोवेळी जशीच्या तशी परत केली होती, प्रामाणिकपणे, चमचाभरही काढून न घेता. त्या प्रामाणिकपणाचा मला भयंकर राग आला. शेवटी मी दुकानातलं दही गुपचूप बरणीत भरलं. बायकोनं एक चमचा चाखला, चमचा सिंकमध्ये ठेवला आणि बरणी माझ्या हातात दिली. सासूबाई गेल्या तेव्हाही ती इतकी गप्प नव्हती. या वेळी त्यांना मीच घालवलं होतं.

मॅडमना सांगितलं. त्या हसतील असं वाटलं होतं, पण त्यांनी चष्मा काढला. दह्यातले जंतू दूध आंबट करतात, म्हणून दुसऱ्या वाईट जंतूंना तिथे थारा मिळत नाही, हे त्यांनी मला सांगितलं. "तुमच्या स्वयंपाकघरातले पहारेकरीच तुम्ही उकडून काढलेत," त्या म्हणाल्या. परत आणायचा काही उपाय? त्याच दह्यातलं चमचाभर कुठे शिल्लक असेल तर, नाहीतर नाही.

आणि मला एक डबी आठवली.

बायको माझ्या डब्यात रोज दह्याची एक छोटी डबी द्यायची. ती मी कधी खाल्ली नाही. (जंतूंचे अहवाल टाइप करणारा माणूस घरचं दही खात नाही, ही माझी ऐट.) मी ते शिपायाला द्यायचो आणि घरी जाऊन छान होतं म्हणायचो. पण माझं पोट बिघडलं त्याच्या आदल्या दिवशी शिपाई रजेवर होता. ती डबी घरी परत गेली नव्हती. हरवली म्हणून मी बोलणीही खाल्ली होती.

टेबलाचा खालचा खण उघडला. जुन्या कार्बन पेपरांमागे डबी होती. झाकण फुगलं होतं. मॅडमनी हातमोजे घातले, झाकण उघडलं आणि दोन पावलं मागे गेल्या. वरचं बाजूला सारून त्यांनी खालचा एक थेंब काचेवर घेतला, त्यावर रंग टाकला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ त्या वर बघेनात.

"बारीक काड्या आणि मण्यांच्या माळा. दह्याचेच दिसतायत. दुधाला लावून बघा, लागलं तर जिवंत."

मीही पाहिलं. सासूबाईंना मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. हयात असताना हिंमतच झाली नव्हती.

पण आता डबी घरी न्यायची म्हणजे ती कुठून आली हेही सांगायचं. रस्त्यात दोनदा वाटलं, गटारात टाकावी. घरी पोहोचलो, डबी ओट्यावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं, गाडीवरच्या खाण्यासकट.

"रोज शिपायाला?"

"रोज."

तिनं दूध कोमट केलं. पहिल्यांदा दही पातळ लागलं, दुसऱ्यांदा जरा बरं. तिसऱ्यांदा तिनं वाडगा तिरका केला तरी दही जागचं हललं नाही. मॅडमनी फोनवर आता खायला हरकत नाही म्हटल्यावर तिनं बोटानं चाखलं. मग ओट्याला टेकून रडली. मीही रडलो, पण जरा बाजूला, कारण मला अजून माफी मिळाली नव्हती.

"तुम्ही माझं ऐकून ते खाल्लं असतंत, तर आज हे उरलं नसतं," ती डोळे पुसत म्हणाली. कौतुक केलं म्हणून मी मान डोलावली. अर्थ लक्षात यायला जिना उतरून ऑफिसला पोहोचावं लागलं.

ऑफिसात आणखी एक काम वाट बघत होतं. सूक्ष्मदर्शकाखाली गेलेल्या प्रत्येक नमुन्याचा अहवाल निघालाच पाहिजे, असा मॅडमचा नियम आहे. तो मलाच टाइप करावा लागला. 'नमुन्याचे ठिकाण: कारकुनाचा खण. जंतू आढळले. संख्या: अगणित. प्रकार: उपयुक्त.'

त्याची एक प्रत आमच्या फ्रिजच्या दारावर चिकटवलेली आहे. खाली बायकोनं पेन्सिलीनं एक ओळ वाढवली आहे: 'कारकुनाची तपासणी चालू आहे. अजून काही उपयुक्त आढळलेले नाही.'