सोऱ्याची परतफेड

मोशीच्या ज्योतीरामांनी बैलगाडीच्या जुवाचा झोपाळा केला आणि त्यावरून पडून कंबर मोडून घेतली. त्यांचे चिरंजीव सोपानराव यांनी न्हाणीतल्या तांब्याच्या घंगाळात खुडूक कोंबडी उबवणीला बसवली. पिल्ले बाहेर पडेपर्यंत घरादाराला गार पाण्याने आंघोळ करावी लागली. सोपानरावांचे चिरंजीव कैलासवासी उद्धवराव यांनी कुकरच्या वाफेने कोटाला इस्त्री करायला घेतली आणि पाठीवर वरणाचा नकाशा मिरवत ते मेव्हण्याच्या लग्नात वावरले. ज्या वस्तूचे जे काम, ते तिला सुखाने करू द्यायचे नाही, अशी या घराण्यातल्या पुरुषांची शपथच होती. तेव्हा उद्धवरावांच्या पोटी गणराज जन्मला यात नवल ते काय? नवल एवढेच, की चाकणच्या एका कंपनीने त्याला प्लास्टिकचे सुटे भाग ओतणाऱ्या यंत्रांवर सुपरवायझर नेमले, आणि ती कंपनी अजून उभी आहे.

त्या रविवारी सुभद्राबाई मंडईतून परतल्या, तेव्हा त्यांचा हा सुपुत्र न्हाणीघरात उकिडवा बसून पितळी सोऱ्याची मूठ फिरवत होता. सोऱ्यातून चकलीच्या पिठासारखे काहीतरी पांढरे बाहेर पडून भिंतीच्या फरशांच्या फटींत बसत होते, तेही चकलीचे काटे घेऊन.

"गन्या, ह्ये काय चाललंय?"

"व्हाइट सिमेंट, आई. टाइल्सचे जॉइंट भरतोय. गवंडी आज-उद्या करतोय नुसता. आणि हे बघ, हा सोऱ्या म्हणजे आमचं मोल्डिंग मशीनच! मटेरियल भरा, प्रेशर द्या, माल बाहेर. मोबाइलवर एका बाईंनी सोऱ्याचे वीस उपयोग सांगितलेत."

"त्यात चकली हाय का?"

गणराजने आठवून पाहिले. "चकली नाही सांगितली."

"सुमन दुपारच्याला न्यायला येतीय त्यो. आत्ताच्या आत्ता धू."

कारण सोऱ्या मुळात या घरचा नव्हताच. तो देहूला राहणाऱ्या धाकट्या जाऊबाईंचा, सुमनताईंचा, माहेरून आलेला. एका दिवाळीला मागून आणला आणि राहून गेला. राहून गेला म्हणण्यापेक्षा राहू दिला. त्याच्या आदल्या वर्षी सुभद्राबाईंनी देहूला फराळाचा डबा धाडला होता. रिकामे भांडे परत करू नये, या रीतीला धरून सुमनताईंनी तो पाकातले लाडू भरून परत केला. पाक असा, की पहिल्याच लाडवाने सासरे सोपानरावांचे पुढचे दोन दात नेले. "ह्ये देणं मी ठिवायची न्हाई," असे सुभद्राबाई तेव्हा बोलून गेल्या. परंतु त्या लाडवांच्या तोडीचे काही त्यांच्या सुगरण हातून घडेना, आणि सोऱ्या रिकामा परत करणे कुळाला शोभेना. तिकडे सुमनताई प्रत्येक बारशात, प्रत्येक साखरपुड्यात सर्वांदेखत विचारीत, "आक्का, आमचा सोऱ्या सुखात हाय न्हवं?" आता त्यांच्या लेकीचे, विजयश्रीचे लग्न होते. माहेरच्या सोऱ्याच्या चकलीवाचून रुखवत मांडणार नाही, आणि आज तो मिळाला नाही तर भर मांडवात भावकीपुढे मागीन, असा त्यांचा निरोप होता.

"एकच जॉइंट राहिलाय," गणराज म्हणाला, आणि तेवढ्यात कंपनीतून फोन आला.

तो सोऱ्या तिथेच ठेवून गच्चीवर गेला. त्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता. "अरे राव, मशीन थांबली की बॅरल आधी रिकामी करायची! मटेरियल आत राहिलं की घट्ट होणारच! किती वेळा सांगायचं? साध्या अकलेची गोष्ट आहे!" जन्मात प्रथमच मुलगा शहाण्यासारखे बोलतो आहे, असे वाटून सुभद्राबाईंनी भाकरी थापता थापता मान डोलावली. शहाणपण फार वेळ चालले. भाकऱ्या झाल्या, पिठले झाले, तरी तो ओरडतच होता.

खाली येऊन त्याने सोऱ्याची मूठ धरली. मूठ हलेना.

"टेन्शन नको," तो म्हणाला. "कंपनीत आम्ही हीटर लावतो. गरम केलं की सुटतं." त्याने सोऱ्या गॅसवर धरला.

"अहो, ते प्लास्टिक थोडंच आहे वितळायला?" त्याची बायको योगिनी म्हणाली. "सिमेंट आहे ते. आणखी वाळेल."

"तू मोल्डिंगमधली आहेस का?"

सिमेंट आणखी वाळले. मग त्याने सोऱ्या खाली पार्किंगमध्ये नेला आणि गाडीचा जॅक लावून दट्ट्या रेटला. दट्ट्या जागचा हलला नाही. मूठ मात्र पोळ्याच्या बैलाच्या शिंगासारखी वाकली. ते धूड घेऊन तो जिन्याने वर येत होता, आणि त्याच्या मागोमाग, एकेका पायरीवर दम घेत, सुमनताई येत होत्या.

"आक्का, न्यायला आले बरं का! का मांडवातच देताय?"

सुभद्राबाईंनी एकदा मुलाकडे पाहिले. त्याच्या भुवईवर सिमेंट होते आणि चेहऱ्यावर सोपानराव. पोरगा मूर्ख आहे हे भावकीत पसरण्यापेक्षा, आई डूख धरणारी आहे हे पसरलेले बरे. डुखाला निदान अक्कल लागते. त्यांनी पदर सारखा केला, सोऱ्या त्याच्या हातातून घेतला, वर हळदकुंकू लावले आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

"घे सुमन. उशीर झाला खरा. पर रिकामं भांडं परत द्यायची आपल्यात रीत न्हाई. भरून दिलाय."

"अगं बया! काय भरलंय?"

"तू मागं माज्या डब्यात घालून धाडलं व्हतंस, तेच."

सुमनताईंचे हात भाराने खाली गेले. त्यांनी मूठ फिरवून पाहिली. मनगट फिरले, मूठ नाही. त्यांनी तोंडाशी बोटाने ठोकले. टक्. आत वाकून पाहिले, मग गणराजच्या भुवईकडे पाहिले, मग उघड्या न्हाणीघराच्या भिंतीकडे, जिच्या फटीफटींतून शंभर चकल्या सरळ होऊन पसरल्या होत्या.

"रुखवताची काळजी करू नगंस," सुभद्राबाई म्हणाल्या. "नवा पितळी सोऱ्या इजूला माज्याकडनं आहेर. ह्यो गणराज घिऊन यील. चकल्याबी त्योच पाडंल. मशीनवरचा हाय."

"आई, माझी शिफ्ट..."

"गप."

सुमनताईंनी सोऱ्या पिशवीत घातला. पिशवीचा बंद करकरला. दारापाशी जाऊन त्या वळल्या.

"मामंजींचे दात ध्यानात ठिवले व्हते व्हय, आक्का?"

"देणं कोण इसरतं, बाई?"

"न्हाई, खरंच," सुमनताई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात प्रथमच थोरल्या जावेविषयी आदर होता. "पाक माज्यापरीस घट्ट जमलाय."

आणि त्या पिशवी सावरीत जिना उतरू लागल्या. सोपानरावांच्या दोन दातांचे देणे, ज्या हातांनी ते केले त्याच हातांत, काठोकाठ भरून फिटले होते.