खड्ड्यांची मापं घेणारे सुखदेव मास्तर

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. पांढुर्ण्यात सुखदेव मास्तर नगरपालिकेच्या ज्या बाबूला चारचौघांत 'देवमाणूस' म्हणतात, तो मी आहे. आणि त्यांच्या एकाही खड्ड्यात मी घमेलंभर मुरूम टाकवलेला नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, लेडीज टेलर. दुकान बंद केलं, पण गळ्यातला टेप उतरला नाही. मुलीनं स्मार्टफोन दिला, त्यात तक्रारीचं अ‍ॅप टाकलं, आणि मास्तरांना नवी गिऱ्हाइकं मिळाली. खड्डा दिसला की उकिडवे बसायचे, टेप लावायचे, फोटो काढायचे आणि लिहायचे: 'घेर बेचाळीस, खोली नऊ. काठ उसवला आहे.' एका नालीवर तर 'बगलेत फाटली' असा शेरा होता. आमचे इंजिनिअर साहेब एवढं बारीक पाहत नाहीत. ते खड्डा जीपमधून पाहतात, काच वर करून.

ऑफिसात मी तक्रारी मिटवतो. काम करणं वेगळं आणि तक्रार मिटवणं वेगळं. सात दिवसांत तक्रार बंद झाली नाही तर ती वर चढते आणि तिथून साहेबांच्या डोक्यावर पडते. बंद करायला दोनच गोष्टी लागतात: झालेल्या कामाचा फोटो आणि तक्रारदाराच्या मोबाईलवर आलेला ओटीपी. फोटोंची सोय मी केव्हाच करून ठेवली होती. माझ्या मोबाईलमध्ये एक झकास गाव आहे. दिवे लागलेले, नाल्या वाहत्या, फरश्या जागच्या जागी. त्या गावात बदली मिळत असेल तर मी उद्या जाईन.

"मास्तर, काम मंजूर झालं," मी फोनवर म्हणायचो. "नंबर सांगा, म्हंजे सामान निघते."

"घ्या ना बाबू. घाई कायची हाय? म्याबी दिवाळीचे ब्लाउज होळीले देल्ले. एकदा माप घेतलं म्हंजे कपडा शिवल्याच जाते."

बाकीचे लोक शिव्या देतात, ते बरं वाटतं. हा माणूस ओटीपी देऊन वर चहाला बोलवायचा. मी कधी गेलो नाही.

मग त्यांच्या गल्लीतल्या नालीवरची फरशी फुटली. 'तीन बाय दोन. अर्जंट,' मास्तरांनी लिहिलं. अर्जंट हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच वापरला होता. सातव्या दिवशी मी फोन लावला, तर ते डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे, नागपूरला.

"बसली का फरशी?"

"बसली," मी म्हणालो. फोटोही पाठवला. माझ्या त्या गावातली फरशी होती, चांगली होती.

"मस्त काम केलं बाबू. थांबा, तिले सांगतो."

'तिले' म्हणजे त्यांच्या बायकोला, काकूंना, हे मला दोन दिवसांनी कळलं. साखरेनं काकूंची नजर जवळजवळ गेलेली. मास्तर रोज त्यांना हाताला धरून बुद्धविहारात न्यायचे, आणि जिथे काकूंचा पाय अडखळला तिथे टेप लावायचे. मी जुनी यादी काढून पाहिली. सगळ्या तक्रारी त्यांच्या दारापासून विहाराच्या पायरीपर्यंतच्या. त्यापलीकडचा एकही खड्डा त्यांनी मोजला नव्हता. 'फरशी बसली, जाय बिनधास्त' हे फोनवर ऐकून काकू एकट्याच निघाल्या. खुबा मोडला.

तेव्हा कुठे मी चहाला गेलो. सांगून टाकायचं असं ठरवूनच गेलो होतो. काकू खाटेवर, मास्तर काळा चष्मा लावून उशाशी.

"कशे कशे लोक हायेत पाहा," मास्तर म्हणाले. "तुमी बसोली, अन् कोन्या हरामखोरानं त्याच दिवशी उचलून नेली."

"तुमी मनाले लावून नका घेऊ बापू," काकू म्हणाल्या. "तुमचा काय कसूर?"

मी चहा संपवला आणि उठलो.

काल अ‍ॅपवर मास्तरांची नवी तक्रार आली: फरशी चोरीला गेली. पुरावा म्हणून मीच पाठवलेला फोटो जोडलाय. मुदत सात दिवस.

मला तीन बाय दोनची फरशी बसवायची आहे. आणि ती आधी कधी बसलीच नव्हती, हे त्या दोघांच्या घरी जाऊन सांगायचं आहे.